तिरकी बटणपट्टी

भिवंडीत थंडी पडते म्हणजे काय, तर पौषातल्या पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढावीशी वाटते आणि नऊ वाजले की तीच चादर पायानं ढकलून द्यावीशी वाटते. अशा गावात एखादी बाई स्वेटर विणून नाव कमावेल, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दोन हजार सालानंतरची काही वर्षं कामतघरच्या एका चाळीत, पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत, तुळजाच्या हातात बाराही महिने सुया असत.

तिचे स्वेटर लोकरीचे नसत, ही त्यातली मुख्य गोष्ट. नवरा लडकू पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता; लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा. सूत गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या कोनांवर शेवटी थोडं थोडं उरे. ते मालकाला विचारून तो घरी आणी. तुळजा चार-पाच पदर एकत्र घेऊन त्याचा स्वेटर विणी. हलका, सुती, पुढून बटणांचा. शाळेतल्या बाई त्याला कार्डिगन म्हणत, बाकीच्या बायका बटणांचा स्वेटर म्हणत. सकाळच्या शाळेतल्या शिक्षिका, रात्रपाळी करणाऱ्या नर्स, ठाण्याला एसीच्या ऑफिसात जाणाऱ्या मुली तिच्याकडे येत. आपल्याला थंडी वाजते म्हणून येतो, असं सांगत. पण आरशासमोर उभ्या राहिल्या की त्यांच्या मनात दुसरंच काही असे, आणि ते तुळजाला न सांगता कळे.

दिपाली नावाच्या एका शिक्षिका होत्या. ठेंगण्या, कमरेखाली भरलेल्या. त्यांना गुडघ्याच्या जरा वर येईल असा लांब स्वेटर हवा होता, म्हणजे सगळं झाकलं जाईल. तुळजानं सूत त्यांच्या अंगाला लावून बघितलं, मान हलवली आणि म्हणाली की हे सूत खाली फार ओघळतं, लांब केलं तर महिन्याभरात पोतं होईल. कमरेच्या हाडापाशीच थांबवू या, आणि गळ्याशी जरा नक्षी काढू या. बाई नाराज होऊन गेल्या. स्वेटर घालून शाळेत गेल्या त्या दिवशी मात्र दोघींनी त्यांना विचारलं, बारीक झालात का. दुसरी एक नर्स होती, बांबूसारखी उंच आणि सडपातळ. तिच्या अंगावर कुठलाही स्वेटर खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. तिला तुळजानं पुढच्या दोन्ही बाजूंनी वेणीसारखी जाड वीण घातली आणि खाली मोठे खिसे लावले. पोट सुटलेल्या बायकांच्या स्वेटरला ती खालची आवळ बॉर्डर कधी घालत नसे; ती पोटाखाली जाऊन बसते आणि पोट आणखी पुढे काढते. घेर सरळ सोडायचा आणि शेवटचं बटण लावायचंच नाही.

या सगळ्यात तिनं कुणाला कधी जाड म्हटलं नाही, की हडकुळी म्हटलं नाही. दोष असायचा तो सुताचा. सूत ओढलं जातं, सूत फुगतं, सूत इथं बसत नाही. अंगाला नाव ठेवायचं नाही, हा तिचा स्वतःशी केलेला नियम होता. तो कुठून आला, ते सांगायला मागे जावं लागेल.

तुळजा दिघाशीची. भाताची थोडी शेती, घरात चार भावंडं. दहा-अकरा वर्षांची असताना तिची पाठ हळूहळू वाकू लागली आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला. आधी आईला वाटलं, हंडा एकाच कमरेवर घेते म्हणून असेल. मग भिवंडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की कण्याचंच आहे, आता असंच राहील, पण जिवाला काही नाही. शाळेत शिवण-विणकाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी तिच्या हाती सुया दिल्या. इतर मुलींनी त्या तासाला रुमाल विणले. तुळजानं वर्षभर खपून स्वतःसाठी एक स्वेटर विणला आणि त्याच्या डाव्या खांद्याला आतून दुहेरी पट्टी घातली. तो घातला की दोन्ही खांदे सारखे दिसत. त्या दिवसापासून ती स्वेटरशिवाय घराबाहेर पडली नाही. जुना झाला की नवा. गावातल्यांना वाटे, पोरीला थंडी फार बाधते.

लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आले. मधल्या माणसानं आधीच सगळं सांगून टाकलं होतं, त्यामुळे लपवण्याचा प्रश्न नव्हता. तिसरा लडकू. तो बघायला आला, चहा प्यायला आणि तिच्या वडिलांना म्हणाला, “मी दिवसभर लूमचीच वाकडी अंगं बघतो. मला त्यात नवीन काय न्हाय.” लडकू असाच होता; त्याला गोड बोलता येत नसे, आणि त्यामुळे त्याच्या बोलण्यावर विश्वास बसे. लग्नानंतर त्यानं तिच्या खांद्याचा विषय कधी काढला नाही. तरी ती सुती स्वेटर घालतच राहिली, अगदी वैशाखातही. पाण्याच्या रांगेत, बाजारात, हळदीकुंकवाला. शेजारणी म्हणायच्या, स्वतःच्या मालाची जाहिरात करते. ती हसून सोडून द्यायची.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एक मुलगी स्कूटीवरून तिच्या चाळीत आली. नाव रुचिका, कशेळीची, कॉलेजात शिकणारी. आईसाठी बटणांचा स्वेटर हवा होता. सोबत मापाचा ब्लाउज आणला होता. आईला यायला जमणार नाही, एवढंच म्हणाली. ब्लाउज चांगला मोठा, भरल्या अंगाच्या बाईचा. तुळजानं त्या मापानं स्वेटर विणला आणि दिला. तो आठ दिवसांत परत आला; बसत नाही म्हणे. कुठं बसत नाही, ते रुचिकाला सांगता येईना. तुळजानं बाह्यांचे मुंढे उसवून पुन्हा विणले. तो पुन्हा परत आला. या वेळी रुचिकाचे डोळे जरा लाल होते. ती म्हणाली, “ताई, राहू दे. तुमची चूक नाहीये.”

तुळजाला ते लागलं. ज्यात चूक नाही तो स्वेटर परत का येतो, हे तिला सुचेना. दुसऱ्या दिवशी तिनं अंजूरफाट्यावरून शेअर रिक्षा पकडली आणि ट्रकांच्या धुळीतून कशेळी गाठली.

रुचिकाचे वडील हिरामण खाडीकाठच्या जुन्या शेतकऱ्यांपैकी. त्यांच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी होती आणि त्यांच्या भाड्यावर दुमजली घर. ओटीवर खुर्ची टाकून ते बसले होते. स्वेटरवाली म्हटल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि हळूच सांगितलं की ती कुणाशी बोलत नाही, तुमच्याशी बोलली तर बघा.

कमळाबाई पलंगावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, एके काळी गावच्या प्रत्येक हळदीला पुढे असणाऱ्या, दणदणीत आवाजाच्या. आता पदर दोनदा गुंडाळून बसलेल्या. तुळजाची पहिली नजर गेली ती हातांवर. डाव्या मनगटात कोपराकडे सरकतील इतक्या बांगड्या, आणि उजवं मनगट मोकळं. उजवा हात बोटांपर्यंत सुजलेला होता.

“स्वेटर चांगला हाय बाय,” कमळाबाई म्हणाल्या. “मनाच नको झाला. पोरीला घालू दे.”

तुळजाला वाटलं, खांद्याचं काहीतरी दुखणं असेल. बायका खांद्याचं सांगायला लाजतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. ती पलंगाच्या कडेला बसली, स्वतःच्या स्वेटरची बटणं काढली आणि तो उतरवून मांडीवर ठेवला. लग्नानंतर परक्या घरात तिनं तो पहिल्यांदाच काढला होता. ब्लाउजमधून डावा खांदा उतरलेला दिसत होता. ती म्हणाली, “काकी, माझा खांदा असा हाय. मी माझ्यासाठी विणायला शिकले, मग लोकांसाठी. तुमचा कसा हाय ते बगितल्याशिवाय मला विणता येणार न्हाय.”

कमळाबाईंनी तिच्या खांद्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी पदर सोडला.

“तुझा वाकडा तरी हाय,” त्या म्हणाल्या. “माझा तर कापूनच नेला.”

छातीची उजवी बाजू सपाट होती. सहा महिन्यांपूर्वी मुंबईच्या दवाखान्यात गाठ निघाली आणि त्या गाठीबरोबर सगळंच काढावं लागलं. काखेतलंही काही काढलं, त्यामुळे हाताला सूज राहिली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. घरचे म्हणाले, जीव वाचला. कमळाबाईंनाही ते पटत होतं. पण ब्लाउज घातला की एक बाजू भरलेली आणि एक रिकामी, आणि शिंपी पुरुषमाणूस. त्यांनी बाहेर जाणं सोडलं. आधी बाजार, मग गावदेवीचं देऊळ, मग मंगळवारचं भजन. रुचिका मापाला जुना ब्लाउज घेऊन गेली, कारण तिला तरी तोंडानं कसं सांगता येणार.

तुळजानं मापाची पट्टी काढली, पण तिचा हात मध्येच थांबला. कमळाबाईंनीच तो धरून छातीवर टेकवला आणि म्हणाल्या, आता दुखत न्हाय, लाव.

त्या दिवशी घरी परतताना तुळजाला कसलं तरी बळ आल्यासारखं झालं होतं. उपाय तिला ठाऊक होता. तिनं तो शाळेत असल्यापासून केला होता. उणं असेल तिथं भरायचं. तिनं स्वेटरच्या उजव्या बाजूला आतून एक कप्पा विणला, त्यात पिंजलेला कापूस भरला, डावीशी ताडून बघितला. पुढून बघितलं तर काही म्हणजे काही कळत नव्हतं. आपल्या हातून इतकं सफाईचं काम आजवर झालं नाही, असं तिला वाटलं. लडकूलाही तिनं तो दाखवला. त्यानं उलटसुलट करून बघितला आणि छान म्हटलं.

आठवड्यानं ती कशेळीला गेली तेव्हा तो स्वेटर घडी घालून पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेला होता. कमळाबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी समजुतीच्या आवाजात सांगितलं की त्या तो घालून दुपारभर बाहेर ओटीवर बसल्या होत्या. गावातल्या बायका आल्या, गप्पा झाल्या, कुणाला काही कळलं नाही.

“पर माझंच ध्यान त्याच्यावर,” त्या म्हणाल्या. “हात उचलला का तो वर सरकतो. बाया काय बोलल्या ते मना एक आठवत न्हाय. दिसभर मी त्यालाच सांभाळत बसले. मना तिकडं काय भरायचा न्हाय, तुळजा. बटणं नीट बसव, बास.”

परतीच्या रिक्षात तिच्या ध्यानात आलं की आपला उजवा हात सवयीनं डाव्या खांद्यावर गेला आहे आणि पट्टी जागेवर आहे ना, ते चाचपतो आहे. दिवसातून असं किती वेळा होत असेल, हे तिनं कधी मोजलं नव्हतं. पाण्याच्या रांगेत, बाजारात, हळदीकुंकवात. शेजारणी काय बोलायच्या, त्यातलं तिला तरी किती आठवत होतं?

आता अडचण बटणांची होती. एक बाजू भरलेली, एक सपाट. त्यामुळे मधली बटणपट्टी सरळ राहत नसे, नदीसारखं वळण घेई, आणि बघणाऱ्याची नजर त्या वळणावरूनच नेमकी तिथं जाई. तुळजानं टाके कमी करून बघितले, पट्टी रुंद करून बघितली. वळण जाईना. मधल्या काळात तिच्याकडे शेजारच्या घरातलं तान्ह्या बाळाचं काम होतं. बाळाचं झबलं, नेहमीचंच, एक पदर दुसऱ्यावर आडवा घेऊन कुशीला नाडी बांधायची. ते विणता विणता ती थांबली. झबल्याला मध्ये काही नसतंच. मग बटणं मधूनच कशाला न्यायची?

तिनं कमळाबाईंचा स्वेटर पहिल्यापासून विणायला घेतला. उजवा पदर रुंद, तो डाव्या अंगावर आडवा येणारा. बटणं उजव्या खांद्यापासून निघून तिरकी खाली डाव्या कुशीपर्यंत. सूत तिनं पिकल्या जांभळासारखं रंगवून आणलं. उजवी बाही मुंढ्यापासूनच सैल ठेवली, मनगटाशी आवळ बॉर्डर घातली नाही, म्हणजे सुजेला काच बसणार नाही. आत काहीही भरलं नाही. सपाट होतं ते सपाटच राहिलं. पण ती तिरकी रेघ खांद्यावरून अशी उतरत होती की नजर तिच्यामागून चालत जाई आणि कुठं थांबत नसे.

कमळाबाईंनी तो घातला, आरशात बघितलं. हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग त्यांनी रुचिकाला चपला आणायला सांगितल्या. त्या ओटीवर आल्या तेव्हा हिरामण खुर्चीतून अर्धे उठले. मग पुन्हा बसले. कमळाबाई गावदेवीच्या देवळापर्यंत चालत गेल्या. तुळजा मागोमाग होती. वाटेत एका बाईनं विचारलं, हे काय नवीन घातलंस, आणि कमळाबाई तिच्याशी उभ्यानं बोलत राहिल्या. बराच वेळ.

माघ महिन्यात कशेळीच्या बायकांचा टेम्पो वज्रेश्वरीला निघाला. देवीचं दर्शन, मग गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ, असा त्यांचा दरवर्षीचा रिवाज. कमळाबाईंनी निरोप धाडला की दिघाशी त्याच अंगाला आहे, तुळजानंही चलावं, हवं तर येताना माहेरी उतरावं.

दर्शन झालं. बायका कुंडाकडे गेल्या. लुगड्या-साड्यांनिशीच उतरायचं असतं, पण ओलं कापड अंगाला चिकटतं आणि काही म्हणजे काही झाकलं जात नाही. कमळाबाई वरच्या पायरीवर बसून राहिल्या. एकजण म्हणाली, हात सुजलाय तर नको येऊ. रुचिकानंही निघताना बजावलं होतं की डॉक्टरांनी त्या हाताला गरम पाणी लावू नको म्हणून सांगितलंय. तुळजाला वाटलं, बरं झालं, न उतरायला कारण मिळालं. आपल्यालाही तिच्या सोबतीनं इथंच बसता येईल.

थोड्या वेळानं कमळाबाईंनी एकेक बटण काढायला सुरुवात केली. खांद्यापासून कुशीपर्यंत. स्वेटर तुळजाच्या हातात दिला आणि त्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरल्या, छातीपर्यंत. सुजलेला हात तेवढा त्यांनी वर, कोरड्या पायरीवर टेकवून ठेवला होता. साडी भिजली. जे होतं ते सगळ्यांना दिसलं. पाण्यातल्या बायका क्षणभर गप्प झाल्या. मग तुकाबाय नावाची त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी पुढं सरकली, कमळाबाईंच्या मागं उभी राहिली आणि त्यांची पाठ चोळायला लागली, दरवर्षी चोळायची तशी. चोळता चोळता सुनेच्या तक्रारी सांगू लागली. बाकीच्या बायका पुन्हा बोलू लागल्या.

“ये गं तुळजा,” कमळाबाईंनी हाक मारली. “पानी मस्त हाय.”

तुळजा उतरली नाही. तिनं फक्त पाय पाण्यात सोडले आणि तशीच बसली. कमळाबाईंनी पुन्हा हाक मारली नाही. पाय पोळत होते, आणि तरी ते काढावेसे वाटत नव्हते. तिला वाईट वाटत नव्हतं, लाजही वाटत नव्हती. एवढंच कळत होतं की जे झाकायला आपण इतकी वर्षं विणत आलो, त्याच्यापलीकडं ही बाई आपल्याच स्वेटरमधून चालत गेली आहे, आणि आपण अजून अलीकडं आहोत. कधी जाऊ, की जाणारच नाही, ते तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा लागला तेव्हा तुळजा घरात असताना स्वेटर घालेनाशी झाली. लडकूच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे; त्यानं पंखा एकावरून तीनवर केला, इतकंच. बाहेर जाताना ती अजून घालत होती. पट्टी मात्र चाचपायचा हात कधी कधी वाटेतच थांबे.

तिच्या कामात एक फरक पडला. कमळाबाई तपासणीला मुंबईच्या दवाखान्यात गेल्या की बाकावर बसलेल्या बायकांना तिरक्या बटणांचा स्वेटर दाखवत आणि कामतघरचा पत्ता सांगत. त्यातल्या काहीजणी आल्या. एक कल्याणची बँकेतली, एक पनवेलची, एक पंचवीस वर्षांची मुलगी जी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसली. कुणाला कप्पा हवा असे आणि कापूसही. त्यांना तुळजा तो करून देई. कुणाला काही नको असे. आता ती सुताला दोष देत बसत नसे. समोर बसून सरळ विचारी की काय हवंय, आणि बाई सांगेपर्यंत थांबे. सांगायला वेळ लागला तर चहा ठेवी.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतर, कमळाबाई स्वतः चाळीच्या पायऱ्या चढून वर आल्या. तब्येत बरी होती. हाताची सूज तेवढी होती तशी होती. भाचीच्या लग्नासाठी नवा स्वेटर हवा होता, आणि तो पोपटी हवा होता. तुळजानं सांगून बघितलं की पोपटी रंगात अंग भरलेलं दिसतं, हात आणखी मोठा दिसेल, गर्द निळा घेऊ या.

“दिसू दे की मोठा,” कमळाबाई म्हणाल्या. “हात हाय तर दिसनार.”

तुळजा हट्टाला पेटली, कमळाबाईही पेटल्या. लडकू कामावरून आला तरी दोघींचा वाद चालूच होता. शेवटी मापाची पट्टी काढता काढता तुळजानं हार मानली आणि विचारलं, पोपटीच तर पोपटी, पण बटणं कुठल्या रंगाची लावायची. त्यावर कमळाबाईंना बराच विचार करावा लागला.